ग्लासगोचं पत्र : बिल्ल्यावरची असई

ग्लासगो, २३ सप्टेंबर

ग्लासगोच्या मध्यवस्तीत, आधुनिक कलादालनासमोर, ड्यूक ऑफ वेलिंग्टनचा घोड्यावर बसलेला पुतळा आहे. कार्लो मारोचेट्टी या शिल्पकाराचं हे १८४४ सालचं काम. जगभरचे पर्यटक त्याचा फोटो काढतात तो ड्यूकच्या डोक्यावरच्या नारिंगी ट्रॅफिक कोनसाठी. गेली कित्येक वर्षं रात्रीबेरात्री कुणीतरी वर चढून तो कोन ठेवतं, महापालिका काढते, पुन्हा कुणीतरी ठेवतं. २०१३ मध्ये महापालिकेने चौथरा उंच करायचं ठरवलं, तर गावातून इतका विरोध झाला की बेत सोडून द्यावा लागला. या शहराला बड्यांचा रुबाब सहन होत नाही, आणि त्याचा त्याला अभिमान आहे.

चौथऱ्याकडे मात्र थोड्यांचंच लक्ष जातं. त्याच्या बाजूंना ब्राँझमधली उठावचित्रं आहेत. एक वॉटर्लूचं आहे. दुसरं असईचं.

ही असई म्हणजे आपली, जालना जिल्ह्याच्या उत्तर टोकाची, भोकरदन-जाफराबाद पट्ट्यातली. केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यातलं छोटंसं गाव. २३ सप्टेंबर १८०३ रोजी तिथे दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांच्या फौजा एकीकडे आणि मेजर जनरल आर्थर वेलस्ली दुसरीकडे, अशी लढाई झाली. हाच वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला, १८१५ मध्ये वॉटर्लूला त्याने नेपोलियनला हरवलं आणि नंतर तो ब्रिटनचा पंतप्रधानही झाला. उतारवयात त्याला कुणीतरी विचारलं की रणांगणावरची तुमची सर्वांत सरस कामगिरी कोणती. त्याने वॉटर्लूचं नाव घेतलं नाही, असईचं घेतलं. शाळेत आपल्याला ही लढाई दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धातली एक ओळ म्हणून भेटते. इथे ती कशी भेटते ते कळवावं, म्हणून आजचं पत्र.

त्यासाठी या देशातली पलटण म्हणजे काय ते आधी सांगायला हवं. ब्रिटनमध्ये पलटणीची ओळख तिच्या गावाशी, जिल्ह्याशी बांधलेली असते. आजोबा ज्या पलटणीत त्याच पलटणीत नातू, अशी घराणी इथे अजून आहेत. पलटणीच्या निशाणावर ती जिथे जिथे लढली त्या गावांची नावं भरतकामाने काढतात. पलटणी एकमेकींत विलीन होतात, नावं बदलतात, पण मान वारशाने पुढे जातो. असईला लढलेली ७४ वी हायलँड पलटण १८८१ मध्ये हायलँड लाइट इन्फन्ट्रीत मिसळली, ती ग्लासगोची पलटण म्हणून नावारूपाला आली. १९५९ मध्ये रॉयल हायलँड फ्युझिलिअर्स झाली आणि २००६ पासून ती रॉयल रेजिमेंट ऑफ स्कॉटलंडची दुसरी बटालियन आहे. एवढ्या उलथापालथीत एक गोष्ट सुटली नाही. ब्रिटिश पायदळाच्या पलटणीला सहसा दोन निशाणं असतात, हिच्याकडे तिसरं आहे. त्याचं नावच ‘असई निशाण’. दर २३ सप्टेंबरला ही बटालियन असई दिन पाळते.

हायलँड लाइट इन्फन्ट्रीचा टोपीवरचा बिल्ला हातात घेऊन पाहिला तर तो तळहातात सहज मावतो. चांदीसारख्या चकचकीत धातूचा तारा, मधोमध बिगूल, त्यावर मुकुट, बिगुलाखाली पट्टी आणि पट्टीवर रोमन लिपीत ‘असई’. सगळ्यात खाली हत्ती. ज्या स्कॉटिश पोरांनी पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या चिखलात जीव दिले, त्यांच्या कपाळावर आपल्या भोकरदनकडच्या गावाचं नाव होतं. हे समजल्यावर मला गप्प राहवलं नाही.

आता लढाई. २१ सप्टेंबरला वेलस्ली आणि कर्नल स्टीव्हन्सन यांची आपल्या बदनापूरला भेट झाली. दोघांनी दोन वाटांनी उत्तरेकडे जायचं आणि २४ तारखेला एकत्र हल्ला करायचा, असा बेत ठरला. २३ ला दुपारी वेलस्लीला कळलं की मराठी फौज अगदी जवळ, केळणेच्या पलीकडे पसरली आहे. स्टीव्हन्सनची वाट पाहायची की आहे त्या बळावर भिडायचं? त्याच्याजवळ मुख्य लढाऊ फौज साडेचार हजारांच्या आसपास, शिवाय म्हैसूरचे आणि पेशव्यांचे स्वार, आणि तोफा १७. समोर कवायती पायदळच दहा हजारांवर, शंभराच्या घरात तोफा आणि स्वारांचा सागर. वाटाड्यांनी सांगितलं की नदीला उतार नाही. वेलस्लीने दुर्बिणीतून पाहिलं तर पिंपळगाव आणि वारूड ही दोन गावं दोन काठांवर समोरासमोर. अशी गावं असतील तर मध्ये उतार असणारच, एवढ्या तर्कावर त्याने फौज नदीत घातली. तर्क खरा निघाला.

पुढचं मात्र त्याच्या हिशेबात नव्हतं. शिंद्यांच्या पायदळाची तोंडं नदीकडे होती, त्याने बाजूने येऊन त्यांना गाठायचं ठरवलं होतं. पण पोलमन या जर्मन सरदाराच्या हाताखाली तयार झालेल्या त्या पलटणी वळल्या आणि दोन नद्यांच्या मध्ये नवी फळी धरून उभ्या राहिल्या. असं वळण तालमीशिवाय जमत नाही. डावी बाजू असई गावाला टेकली होती. गावाभोवती तोफा दाट होत्या आणि इंग्रजांची ७४ वी पलटण चुकून नेमकी तिकडे सरकत गेली. पाचशेच्या आसपास माणसांतली चारशे मारली गेली किंवा जखमी झाली. अधिकाऱ्यांत धड राहिला तो एकटा क्वार्टरमास्टर जेम्स ग्रँट. त्याचं काम रसदीचं, पण अधिकारी पडताना पाहून तो रांगेत येऊन उभा राहिला. पलटणीच्या बखरीत त्याचं नाव आजही मानाने घेतात. मराठी गोलंदाजांनीही कमाल केली. तोफांवरून इंग्रज पायदळ पुढे गेलं तसे मेल्याचं सोंग घेऊन पडलेले गोलंदाज उठले आणि तोफा फिरवून त्यांनी पाठीमागून मारा केला. इंग्रजांची एकूण हानी दीड हजारांच्या वर, म्हणजे लढलेल्या फौजेच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त. मराठ्यांच्या ९८ तोफा त्यांच्या हाती लागल्या. एवढी किंमत देऊन मिळालेला असा जय पुन्हा नको, असं वेलस्लीनेच नंतर लिहिलं.

मग हरलो कसे? माझं मत स्पष्ट आहे. असईला आपले शिपाई हरले नाहीत, धनी हरले. लढाई ऐन भरात असताना रघूजी भोसल्यांनी रणांगण सोडलं आणि शिंदेही थांबले नाहीत. त्याआधीच गव्हर्नर जनरलने, वेलस्लीच्या थोरल्या भावाने, शिंद्यांच्या चाकरीतल्या इंग्रज अधिकाऱ्यांना जाहीरनामा काढून पगाराचं आमिष दाखवलं होतं, आणि अधिकारी निघूनही गेले होते. पोलमनसुद्धा पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्याच चाकरीत गेला. भाडोत्री सेनापतींवर उभं केलेलं सैन्य कितीही तरबेज असलं तरी त्याची दोरी दुसऱ्याच्या हातात असते.

आणि त्याच्याही मागे भाऊबंदकी. नाना फडणीस १८०० मध्ये गेले. १८०१ मध्ये दुसऱ्या बाजीरावाने विठोजी होळकरांना पुण्यात हत्तीच्या पायी दिलं. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी यशवंतराव होळकरांनी हडपसरला पेशवे आणि शिंद्यांचा पराभव केला. बाजीराव पळाले आणि ३१ डिसेंबरला वसईच्या तहावर सही करून इंग्रजांच्या पंखाखाली गेले. १८०३ मध्ये शिंदे आणि भोसले इंग्रजांवर चालून गेले तेव्हा होळकर दूर उभे राहिले आणि १८०४ मध्ये एकटेच लढले. १८०३ च्या मोहिमेत वेलस्लीबरोबर पेशव्यांचे मराठी स्वार होते आणि त्यांचं पुढारपण करणाऱ्यांत बापू गोखले होते. तेच बापू गोखले १८१८ मध्ये आष्टीला इंग्रजांशी लढताना पडले. पंधरा वर्षं उशीर झाला होता.

इथे राहून एक गोष्ट नव्याने समजली. असईला आलेले हे हायलँडर स्वतः हरलेल्यांची मुलं होती. १७४६ मध्ये कलोडनच्या माळावर इंग्रज सत्तेने त्यांच्या वाडवडिलांची कुळं मोडली आणि त्यांच्या पारंपरिक पोशाखावर बंदी आणली. असईला लढलेली दुसरी स्कॉटिश पलटण, ७८ वी, १७९३ मध्ये रॉस-शर आणि लुईस बेटाच्या मुलखातून उभी राहिली. त्याच्या आदल्याच वर्षी रॉस-शरच्या कुळांनी जमीनदारांची मेंढरं हाकलून लावली होती, कारण मेंढरांसाठी त्यांची शेतं काढून घेतली जात होती. तो उठाव सैन्याने मोडला. घरची जमीन गेलेली, गेलिकशिवाय भाषा न येणारी ही पोरं पगारासाठी जालन्यापर्यंत आली. समोर शिंद्यांचे शिपाई, तेही पगारीच. आणि वेलस्लीच्या फौजेत गोऱ्यांपेक्षा मद्रासचे देशी शिपाई जास्त होते. त्यांनाही असईचा मान मिळाला. आजच्या भारतीय लष्करातल्या मद्रास रेजिमेंटच्या चिन्हातला हत्ती असईचाच आहे.

या लढाईने काय बदललं, ते आपल्या जिल्ह्याच्या नकाशात दिसतं. आडगाव आणि गाविलगडच्या पराभवानंतर डिसेंबर १८०३ मध्ये देवगाव आणि सुर्जी-अंजनगावचे तह झाले. भोसल्यांचं कटक कंपनीकडे आणि वर्धेच्या पश्चिमेचं वऱ्हाड निजामाकडे गेलं. शिंद्यांना अजिंठ्याच्या डोंगराच्या दक्षिणेचा मुलूख सोडावा लागला. त्यात जालन्याचा परगणा नाव घेऊन लिहिलेला आहे. कंपनीने १८०४ मध्ये हा मुलूख निजामाला दिला. त्याच सुमारास दख्खनमध्ये दुष्काळ पडला. फौजांनी आधीच ओरबाडलेल्या गावांत माणसं अन्नावाचून मेली.

म्हणजे १७ सप्टेंबर १९४८ रोजी जालना ज्या निजामी राजवटीतून सुटलं, तिच्या ताब्यात ते पुरतं गेलं ते असईच्या पराभवामुळे. दर वर्षी १७ सप्टेंबरला आपण मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन साजरा करतो. त्यानंतर सहाव्या दिवशी येणारी २३ तारीख आपल्याकडे कोरडी जाते, आणि स्कॉटलंडमध्ये निशाण बाहेर निघतं.

इथल्यांसारखा जल्लोष आपण करावा असं माझं म्हणणं नाही. पण त्यांच्याकडे मेलेल्यांची मोजदाद आहे, अधिकाऱ्यांची नावं आहेत, कादंबऱ्या आहेत. बर्नार्ड कॉर्नवेलची ‘शार्प्स ट्रायम्फ’ १९९८ मध्ये आली आणि इथल्या हजारो वाचकांना असई कळली ती तिच्यातून. आपल्या बाजूने तोफेखाली पडून राहिलेल्या त्या गोलंदाजांपैकी एकाचंही नाव आपल्याला सांगता येत नाही.

भोकरदन, जाफराबाद, बदनापूर, जालना इथल्या वाचकांना माझी विनंती आहे. घरात मोडी कागद असतील, वतनाचे, इनामाचे, फौजेतल्या चाकरीचे, तर ते रद्दीत घालू नका. पुण्याच्या पुराभिलेखागारात मोडी वाचणारी माणसं आहेत, त्यांना दाखवा. शेतात तोफेचा गोळा निघाला तर भंगारवाल्याला देऊ नका, जागेची नोंद करून गावच्या शाळेत ठेवा. आणि पिंपळगाव-वारूडच्या उताराशी मराठीत एक नीट फलक लागू द्या, दोन्ही बाजूंच्या शिपायांची हकीकत सांगणारा. त्यासाठी सरकारची वाट पाहायची गरज नाही, दोन ग्रामपंचायती पुरेशा आहेत.