जवसाचा बीजप्लॉट सांभाळायचा तर सकाळीच वावरात उतरा

ऑक्टोबर लागला की जवसाच्या बियाण्याची विचारणा सुरू होते. चटणीपुरता दोन तासं जवस कुठेही येतो. पण बियाणं म्हणून विकायचा असेल तर हिशेब वेगळा आहे, आणि प्लॉट नापास झाला तर तो माल तेलघाण्याच्या भावानं जातो.

एनएल-97, पीकेव्ही एनएल-260 ही वाणं नागपूरच्या कृषी महाविद्यालयातल्या जवस संशोधनातून आली. एक वाण तयार व्हायला दहा-बारा वर्षं सहज लागतात. उमलायच्या आदल्या दुपारी कळीतले पुंकेसर चिमट्यानं काढायचे, दुसऱ्या सकाळी दुसऱ्या वाणाचा पराग लावायचा. पुढे पिढ्यान्‌पिढ्या निवड करायची. एका बोंडात फार तर दहा दाणे, म्हणजे किती कळ्या हाताळाव्या लागत असतील बघा.

मग पैदासकार बियाणं (पिवळा टॅग), त्यापासून पायाभूत (पांढरा), त्यापासून प्रमाणित (निळा). शेतकरी बहुतेक शेवटच्या टप्प्यावर येतो. बियाणं घेतलेली पावती आणि टॅग जपून ठेवा, नोंदणीला तेच लागतं.

जवस स्वतःच्याच परागानं फळतो, पण माशा-मधमाशांमुळे थोडी सरमिसळ होतेच. म्हणून दुसऱ्या जवसापासून प्रमाणित प्लॉट 25 मीटर आणि पायाभूत 50 मीटर लांब हवा. शेजाऱ्याच्या धुऱ्यावरचा जवसही मोजायचा, हे लोक विसरतात.

खरं काम फुलोऱ्यात. फूल सकाळी उमलतं आणि दुपारपर्यंत पाकळ्या गळून जातात. निळ्या फुलांत पांढरं किंवा वेगळ्या छटेचं झाड दिसलं की मुळासकट उपटा. दुपारी जेवण करून गेलात तर सगळी झाडं सारखीच दिसतील. ही चक्कर एकदा मारून भागत नाही, फुलोरा असेपर्यंत दर दोन-तीन दिवसांनी मारावी. अमरवेल दिसली तर ती गुंडाळलेल्या झाडांसकट काढून जाळा, तिचं बी जवसात मिसळलं तर चाळणीनं निवडणं कठीण जातं.

पेरणी उशिरा झाली की गादमाशी कळ्या खाते, म्हणून कोरडवाहूची पेरणी ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात उरका. एकरी आठ-दहा किलो बी पुरतं, ओळी फूटभर अंतरावर.

काढणीत सगळ्यात जास्त नुकसान होतं ते थ्रेशरमध्ये. आधी दुसऱ्याचा जवस काढलेला असला तर आत दाणे राहतातच. मशीन रिकामं फिरवून झाडून घ्या, पोतीही नवीन घ्या. कापलेल्या पेंढ्यांवर पाऊस पडला तर दाणा चिकट होतो, उगवण घसरते. तपासणीत उगवण 80 टक्के आणि ओलावा 9 टक्क्यांच्या आत लागतो.

घरचं बी राखून पुढच्या वर्षी पेरायला आणि शेजाऱ्याला द्यायला कायद्याची आडकाठी नाही. वाण संरक्षित असेल तर त्याच्या नावाच्या छापील पिशवीत भरून विकता येत नाही, एवढंच.