गाडी उभी, इंजिन मात्र पळतेय!

अंबडच्या औद्योगिक वसाहतीत सकाळची पाळी सुरू व्हायच्या सुमारास एखाद्या कारखान्याच्या फाटकापाशी पाच मिनिटे उभे राहून पाहा. सिडको, उत्तमनगर, पाथर्डी फाटा अशा सगळ्या बाजूंनी मोटारसायकली येत असतात. त्या गर्दीत एखादी गाडी कानाला लगेच वेगळी जाणवते. मालक ओळखपत्र दाखवायला थांबलेला असतो, मूठ सोडलेली असते, तरी इंजिन घाट चढत असल्यासारखे ओरडत असते. ‘गाडी रेस पकडते’ असे आपण म्हणतो आणि मेकॅनिककडे जाऊन एक स्क्रू फिरवून आणतो. आजचे बोलणे त्या स्क्रूबद्दलच आहे.

मी कारखान्यात मशीनच्या देखभालीचे काम करतो. आमच्या विभागातल्या एका तरुणाची शंभर सीसीची जुनी गाडी आहे. तो एक दिवस म्हणाला, “काका, तीनदा स्लो सेट करून आणली. सकाळी थंड असताना बंद पडते, आणि गरम झाली की आपोआप पळायला बघते. काल चौकात बायको-मुलगी मागे होती, क्लच सोडायला आणि गाडी पुढे उडी मारायला एकच गाठ पडली.” मी म्हटले, “अरे, स्क्रू फिरवून झाला, पण बिघाड कुणी शोधला का?”

गाडी न्यूट्रलमध्ये असताना, मूठ पूर्ण सोडल्यावर इंजिन ज्या गतीने फिरते ती आयडलिंगची गती. मेकॅनिकच्या भाषेत ‘स्लो’. आपल्याकडच्या १०० ते १५० सीसीच्या बहुतेक गाड्यांत गरम इंजिनसाठी ती मिनिटाला साधारण १४०० फेऱ्यांच्या आसपास असते. इंजिन हा एका अर्थाने हवेचा पंप आहे. मूठ पिळली की हवेची वाट उघडते, हवेबरोबर पेट्रोल जाते आणि गती वाढते. मूठ सोडली की वाट जवळजवळ बंद होते. फक्त इंजिन जिवंत राहील एवढीच फट उरते. ही फट कमी-जास्त करणारा स्क्रू म्हणजे आयडलिंगचा स्क्रू. म्हणजे मूठ सोडूनही इंजिन पळत असेल, तर बहुतेक वेळा त्याला कुठून तरी जादा हवा मिळते आहे. ती कुठून, एवढेच शोधायचे आहे.

शोध सोप्याकडून अवघडाकडे न्यावा. पहिला संशयित चोक. नाशिकच्या थंडीत सकाळी चोक ओढून गाडी सुरू करायची आणि तो तसाच विसरायचा, हे आपल्यापैकी अनेकांनी केले आहे. चोक पूर्ण परत गेला आहे ना, ते हाताने पाहा.

दुसरी केबल. मूठ थोडी पिळून सोडा. ती टचकन जागेवर यायला हवी. केबल ओढली जाण्याआधी मुठीला दोन ते सहा मिलिमीटर मोकळी हालचालही हवी. मग गाडी मधल्या स्टँडवर, न्यूट्रलमध्ये, उघड्या जागेत सुरू ठेवून हँडल डावीकडे पूर्ण वळवा, मग उजवीकडे. वळवताना आवाज चढला तर केबल कुठेतरी ताणली जाते आहे. हँडलला लटकवलेली डब्याची पिशवीही केबल ओढू शकते. हा दोष सर्वांत धोक्याचा, कारण गाडी नेमकी वळणावर वेग घेते.

तिसरी पायरी स्क्रूची. तो आधी किती फिरवला होता ते मोजून ठेवा आणि हळूहळू सैल करा. इंजिन शांत होत गेले, तर स्क्रूच जास्त आवळलेला होता, काम झाले. स्क्रू पूर्ण सैल करूनही इंजिन पळतच राहिले, तर हवा दुसऱ्या वाटेने येते आहे. मग केबल घट्ट आहे, कार्ब्युरेटरमधली स्लाइड कचऱ्याने अडकली आहे, किंवा कार्ब्युरेटर आणि इंजिन यांच्यामधल्या जोडावरून हवा शिरते आहे.

या जोडावर रबर किंवा ओ-रिंग असते. ती कडक होते, चिरते, आणि फटीतून पेट्रोलशिवायची हवा आत जाते. खूण अशी, की मूठ सोडल्यावर गती लगेच न उतरता रेंगाळते. प्लग काढला तर तो पांढुरका दिसतो. इंजिन सुरू ठेवून जोडावर पाण्याचा बारीक फवारा मारा. आवाज क्षणभर बदलला, तर फट तिथेच. काही जण यासाठी पेट्रोलचे थेंब टाकतात. तापलेल्या इंजिनावर पेट्रोल कधीही टाकू नका.

आमच्या त्या तरुणाच्या गाडीत नेमके हेच निघाले. रबर खालच्या बाजूने चिरले होते. थंड असताना चीर जवळजवळ मिटलेली असे, म्हणून कमी केलेल्या स्क्रूमुळे गाडी बंद पडे. इंजिन तापले की चीर उघडे आणि गाडी पळे. कारखान्यात हवेची नळी गळत असताना कॉम्प्रेसरचा दाब वाढवत राहण्यासारखाच हा प्रकार. नवे रबर बसवले, स्क्रू जागेवर आणला, गाडी शांत झाली. मिश्रणात हवा जास्त आणि पेट्रोल कमी असले की इंजिन अधिक तापते. म्हणजे तो पुढेही स्क्रूच फिरवत राहिला असता, तर थोडक्यातले काम पिस्टनपर्यंत गेले असते. आता आपल्या पंपांवर २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. जुन्या गाड्यांचे रबरी भाग त्यामुळेही अधूनमधून तपासावेत.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम आले आणि बहुतेक नव्या गाड्यांत कार्ब्युरेटरच्या जागी फ्युएल इंजेक्शन आले. तिथे आयडलिंग संगणक सांभाळतो. थंड इंजिन सुरुवातीला थोडे जोरात चालवणे हे त्याचे कामच आहे. गरम झाल्यावरही गती उतरत नसेल, तर केबल आणि जोड तपासा. पुढचे काम, म्हणजे थ्रॉटल बॉडीतला मळ, हवेचा व्हॉल्व्ह किंवा तापमान चुकीचे सांगणारा सेन्सर, जाणकारावर सोपवा. मीटरमधला इंजिनाचा दिवा लागलेला असेल तर ते आधी सांगा.

आणि चालत्या गाडीने अचानक रेस पकडली तर? घाबरून फक्त ब्रेक दाबू नका. आधी क्लच ओढा, मग किल स्विच बंद करा आणि गाडी कडेला घ्या. किल स्विच नसेल तर किल्ली ‘ऑफ’पर्यंतच फिरवा, त्यापुढे नेलीत तर हँडल लॉक होऊ शकते.

पुढच्या वेळी मेकॅनिककडे गेलात, तर “स्लो कमी करून द्या” असे म्हणू नका. गाडी थंड असताना पळते की गरम झाल्यावर, हँडल वळवल्यावर की सरळ असताना, सर्व्हिसिंगनंतर की आधीपासून, एवढे सांगा आणि “हवा कुठून येते ते बघा” म्हणा. चांगल्या मेकॅनिकचे अर्धे काम तिथेच होते.