बांध घातला म्हणून शेत दुसऱ्या गावात जात नाही!

जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकायचंय? टाका की! पण त्याआधी हार्ड डिस्कची वाटणी नीट समजून घ्या. नाही तर एका क्लिकमध्ये सगळं साफ!

घरात एक लॅपटॉप आहे. मोठ्या भावाचा किंवा सेकंडहँड घेतलेला. बॅटरी बसलीय, चार्जर काढला की बंद. त्यावर विंडोज १० आहे आणि १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याच्या नेहमीच्या सुरक्षा अपडेट थांबल्या. विंडोज ११ टाकायचं तर टीपीएम २.० नावाची चिप लागते, प्रोसेसरही साधारण २०१७-१८ नंतरचा लागतो. म्हणजे आपलं मशीन बाद?

अजिबात नाही. अशा लॅपटॉपवर लिनक्स मस्त चालतं. लिनक्स मिंटला तर २ जीबी रॅमही पुरते, ४ असली तर उत्तम. आणि हे काही फक्त गरिबाघरचं सॉफ्टवेअर नाही बरं का! नोव्हेंबर २०१७ पासून जगातल्या सगळ्यात वेगवान ५०० सुपरकॉम्प्युटरच्या यादीतलं प्रत्येक मशीन लिनक्सवरच चालतं. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकनं ‘बॉस’ नावाची भारतीय लिनक्स बनवलीय, तीही मराठीसह आपल्या भाषांमध्ये.

मग अडतं कुठं?

अडतं ते इन्स्टॉल करताना येणाऱ्या एका स्क्रीनवर. तिथं विचारतात, डिस्कची वाटणी कशी करायची? पार्टिशन कुठली? फाइल सिस्टिम कुठली? आपण गोंधळतो, पहिलाच पर्याय निवडतो आणि पुढे जातो. अनेकदा तो पर्याय असतो ‘इरेज डिस्क’. म्हणजे सगळी डिस्क पुसून टाका.

डी ड्राइव्हचा भ्रम

‘माझं सगळं डी ड्राइव्हमध्ये आहे, तिथं काही होत नाही,’ असं तुम्हीही म्हणत असाल. दुकानदारानं डिस्कचे सी आणि डी असे दोन भाग करून दिलेले असतात. विंडोज बिघडलं की तो सी उडवतो, डी तसाच राहतो. त्यामुळे आपल्याला वाटतं की डी म्हणजे तिजोरी.

ती तिजोरी नाही. एकाच शेतात मधे बांध घातलाय, एवढंच. बांध घातला म्हणून अर्धं शेत दुसऱ्या गावात जात नाही. पूर आला तर दोन्हीकडचं पीक जातं. हार्ड डिस्क बंद पडली तर सी आणि डी दोन्ही एकाच वेळी जातात. ‘इरेज डिस्क’ म्हटलं तर इन्स्टॉलर सी-डी काही बघत नाही, अख्खी डिस्क कोरी करतो.

नंदुरबार जिल्ह्यातल्या कळसाडीसारख्या गावात तुम्ही राहत असाल तर हे आणखी महाग पडतं. डेटा परत मिळवून देणारं दुकान काही गल्लीत नसतं. शहर गाठा, पैसे मोजा आणि एवढं करून प्रोजेक्ट, मार्कशीटचे स्कॅन, आजीचे फोटो परत मिळतीलच असं नाही.

म्हणून पहिला नियम हा. वाटणीच्या आधी बॅकअप. आणि बॅकअप म्हणजे दुसऱ्या वस्तूवर. मित्राची एक्स्टर्नल डिस्क, मोठा पेन ड्राइव्ह किंवा निदान महत्त्वाची कागदपत्रं तरी क्लाउडवर. ज्या पेन ड्राइव्हवरून लिनक्स इन्स्टॉल करणार तो यासाठी चालणार नाही. लिनक्स भरताना तो आधी पूर्ण पुसला जातो.

सातबारा, बांध आणि रोजकीर्द

आता शब्द समजून घेऊ. हार्ड डिस्क म्हणजे शेत. पार्टिशन म्हणजे त्यातला हिस्सा. कुठला हिस्सा कुठून कुठपर्यंत, याची नोंद डिस्कच्या सुरुवातीलाच असते. तिला पार्टिशन टेबल म्हणतात. डिस्कचा सातबाराच म्हणा ना! त्याचे दोन प्रकार. जुना एमबीआर, त्यात फक्त चार मुख्य हिस्से बसतात आणि २ टीबीपुढची जागा दिसत नाही. नवा जीपीटी, त्यात सहसा १२८ हिस्से बसतात.

मग फाइल सिस्टिम म्हणजे काय? हिस्सा मिळाला, पण आत माल कुठं ठेवलाय, कोणत्या नावानं, किती जागा उरली, हे लिहायला वही लागते ना? ती वही ठेवायची पद्धत म्हणजे फाइल सिस्टिम. विंडोजची पद्धत एनटीएफएस. लिनक्समध्ये सगळ्यात रुळलेली ईएक्सटी-४, ती २००८ च्या शेवटी वापरायला पक्की म्हणून जाहीर झाली.

कॉमर्सवाल्यांना पुढचं पटकन कळेल. व्यवहार आधी रोजकीर्दीत लिहायचा, मग खतावणीत. ईएक्सटी-४ हेच करते. डिस्कवर बदल करायच्या आधी ‘मी आता असं करणार आहे’ अशी नोंद एका छोट्या जागेत करते. तिला जर्नल म्हणतात. मधेच वीज गेली आणि बॅटरी बसलेला लॅपटॉप फट्कन बंद झाला, तर पुढच्या वेळी ती रोजकीर्द वाचून अर्धवट काम मार्गी लावते. त्या क्षणी तुम्ही लिहीत असलेला परिच्छेद वाचेलच असं नाही, पण अख्खी वही विस्कटत नाही. लोडशेडिंगच्या गावात याचं मोल वेगळं सांगायला हवं का?

मग कुठली निवडायची?

नेटवर यावर कडाक्याची भांडणं चालतात. तुम्ही नवे आहात ना? मग लिनक्ससाठी सरळ ईएक्सटी-४ घ्या. जुनी, भरवशाची, आणि अडकलात तर मदत करणारे भरपूर.

बीटीआरएफएस नावाची दुसरी आहे. तिच्यात सिस्टिमचा ‘स्नॅपशॉट’ घेता येतो. काही बिघडलं की मागच्या स्थितीत जाता येतं. फेडोरा वर्कस्टेशननं २०२० मध्ये तीच नेहमीची केली. फेडोरा टाकत असाल तर तशीच राहू द्या. पण स्नॅपशॉटही त्याच डिस्कवर असतो. तो बॅकअप नाही. एक्सएफएस मोठ्या सर्व्हरवर छान चालते, पण तिचा हिस्सा नंतर लहान करायचा म्हटलं तर अवघड. जागेची ओढाताण असलेल्या लॅपटॉपवर ती नकोच.

आणि पेन ड्राइव्ह? त्यावर ईएक्सटी-४ करू नका. झेरॉक्सच्या दुकानातल्या विंडोजला ती वाचता येत नाही. उलट ‘फॉरमॅट करायचं का?’ असं विचारतं आणि दुकानदारानं हो म्हटलं की तुमचा फॉर्म गेला. पेन ड्राइव्हला एक्सफॅट द्या. ती विंडोज आणि आजचं लिनक्स दोघांनाही वाचता येते. जुन्या फॅट-३२ मध्ये ४ जीबीहून मोठी एक फाइल बसत नाही. मात्र या दोघींना रोजकीर्द नाही. म्हणून पेन ड्राइव्ह ‘इजेक्ट’ केल्याशिवाय उपटायचा नाही!

कागदावर वाटणी

घरात विंडोजही ठेवायचंय? भावाला एमएस-सीआयटी करायचीय, तुम्हाला लिनक्स शिकायचंय. मग दोन्ही ठेवा. पण माउस हातात घ्यायच्या आधी कागद घ्या.

समजा ५०० जीबीची डिस्क आहे. विंडोजमध्ये ती ४६५ दिसेल. दुकानदारानं फसवलेलं नाही. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या पटीत. त्यातले २०० विंडोजला ठेवा. उरलेल्या २६५ पैकी ६५ लिनक्सच्या ‘रूट’ला, म्हणजे सिस्टिम आणि सॉफ्टवेअरला. २०० ‘होम’ला, म्हणजे तुमच्या फाइल्सना.

होम वेगळं का? उद्या लिनक्स बिघडलं किंवा दुसरं टाकावंसं वाटलं, तर फक्त रूट पुसायचं. होमचा हिस्सा तोच निवडायचा आणि त्यापुढच्या ‘फॉरमॅट’च्या चौकटीत टिक करायची नाही. तुमच्या फाइल्स जिथल्या तिथे. डिस्क १२८ जीबीची असेल तर मात्र हा खटाटोप करू नका. एका बाजूला जागा संपते, दुसऱ्या बाजूला पडून राहते. रूट आणि होम एकत्रच ठेवा.

स्वॅपचं काय? रॅम भरली की डिस्कची थोडी जागा रॅमसारखी वापरतात, तो स्वॅप. उबंटू आणि मिंट त्यासाठी स्वतःच एक फाइल बनवतात. वेगळा हिस्सा नको.

एक छोटासा हिस्सा मात्र तुम्हाला आधीच दिसेल. ‘ईएफआय’ नावाचा, बहुधा १०० एमबीचा. मशीन सुरू होताना आधी तिथंच डोकावतं. तो पुसलात तर विंडोज सुरूच होणार नाही. लिनक्स तोच वापरतं. त्याला फॉरमॅट करू नका.

बांध सरकवताना

विंडोजचा हिस्सा लहान करायचं काम विंडोजलाच करू द्या. ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडा, सी वर राइट क्लिक, ‘श्रिंक व्हॉल्यूम’. मोकळी झालेली जागा तशीच मोकळी सोडा, तिथं नवा ड्राइव्ह बनवू नका. ‘डायनॅमिक डिस्क करू का?’ असा प्रश्न आला तर नाही म्हणा. तशा डिस्कवर लिनक्स टाकताना डोकेदुखी होते.

नंतर जागा कमी पडली तर बांध सरकवता येतो. पण हिस्सा उजवीकडे वाढवणं सोपं, डावीकडे वाढवणं अवघड. तिथं आतला सगळा माल उचलून पुढे आणावा लागतो. तास जातात आणि मधेच वीज गेली की रोजकीर्दही वाचवत नाही. म्हणून पहिली वाटणीच विचारानं करा.

इन्स्टॉलच्या दिवशी

१. बॅकअप दुसऱ्या डिस्कवर घ्या. घेतलेल्या दोन-चार फाइल्स उघडून बघा.

२. विंडोजचं ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करा. ते चालू असेल तर शट डाउन करूनही विंडोज अर्धवट झोपलेलं असतं आणि त्याच्या हिस्स्यात लिनक्सनं लिहिणं धोक्याचं.

३. बिटलॉकर चालू आहे का बघा. असेल तर रिकव्हरी की वहीत लिहून ठेवा.

४. पेन ड्राइव्हवरून आधी ‘लाइव्ह’ चालवा. वायफाय, आवाज, कीबोर्ड चालतात का तपासा. तोवर डिस्कला हात लागत नाही.

५. इन्स्टॉलरमध्ये हातानं वाटणीचा पर्याय घ्या. मिंटमध्ये तो ‘समथिंग एल्स’ नावानं असतो. हिस्से आकारावरून ओळखा आणि कागदाशी ताडून बघा.

६. चार्जर लावलेला, वीज स्थिर असलेली वेळ निवडा.

शेवटी इन्स्टॉलर एक यादी दाखवतो. हे हिस्से बदलणार, हे फॉरमॅट होणार. तोपर्यंत काहीही पुसलेलं नसतं. घाई करू नका, ओळ न् ओळ वाचा. एक जरी ओळ कळली नाही तर ‘गो बॅक’ दाबा, फोन काढा, येणाऱ्याला विचारा. मागे फिरायला काही पैसे पडत नाहीत!