लिंबाच्या वासाचा गांजा आणि घरची कुंडी

१९९६ साली कॅलिफोर्नियात ‘प्रपोझिशन २१५’ हा मतदारांपुढचा प्रस्ताव मंजूर झाला आणि डॉक्टरांच्या शिफारशीवर रुग्णाला घरी गांजाचे झाड लावण्याची मुभा मिळाली. तेव्हापासूनच्या काळाचा मागोवा घेताना मला एक गोष्ट ठळकपणे जाणवते: लिंबा-संत्र्याच्या वासाच्या गांजाविषयीचे खरे ज्ञान लागवड उघड झाल्यावरच वाढले. बंदीच्या दिवसांत वाणांची नोंद नव्हती, तपासणी नव्हती. गिऱ्हाइकाच्या हाती स्वतःचे नाक आणि विकणाऱ्याचा शब्द एवढेच होते. ‘सुपर लेमन हेझ’ या वाणाने २००८ आणि २००९ साली अॅमस्टरडॅमची ‘कॅनाबिस कप’ ही गांजाच्या वाणांची स्पर्धा जिंकली, आणि लिंबाचे नाव हीच विक्रीची हमी ठरत गेली. २०१५ मध्ये कॅनडातील संशोधकांनी नमुन्यांची जनुके तपासली, तेव्हा एकाच नावाचे नमुने अनेकदा परस्परांपेक्षा भलत्याच नावाच्या नमुन्यांना जवळचे निघाले.

वासाचेही तेच. संत्र्याच्या सालीच्या तेलात नव्वद टक्क्यांहून अधिक लिमोनीन हे सुगंधी द्रव्य असते, म्हणून गांजातला असा वास सरसकट लिमोनीनच्या खात्यावर टाकला जाई. २०२३ च्या एका अभ्यासाने दाखवले, की जवळपास सारखीच टर्पीन्स (लिमोनीनसारखी सुगंधी द्रव्ये) असलेल्या वाणांचे वास वेगवेगळे असू शकतात. फरक पडतो तो अत्यल्प प्रमाणातल्या इतर घटकांमुळे, आणि आंबटगोड फळांच्या वासामागे काही गंधकयुक्त संयुगे असतात. पुढच्याच वर्षी जॉन्स हॉपकिन्सच्या प्रयोगात, टीएचसी या गांजातल्या नशेच्या द्रव्यासोबत लिमोनीन दिल्यावर वीस स्वयंसेवकांना वाटणारी अस्वस्थता कमी झाली. हा निष्कर्ष मोलाचा आहे, पण तिथे दोन्ही द्रव्ये शुद्ध आणि मोजून दिली होती. कुंडीतल्या झाडाला लिंबाचा वास येतो म्हणून ते सौम्य ठरत नाही, आणि तसे सांगून बी विकणे मला गैर वाटते.

मग हे ज्ञान प्रयोगशाळेचे; घरच्या लागवडीचा त्यात काय वाटा, असे कोणी विचारेल. वाटा आहे. दुकानाचा भाव बव्हंशी टीएचसीच्या टक्क्यावर ठरतो, तर घरी लावणारा वासासाठी एखादे रोप राखू शकतो. निवडीचा निकष तिथे बदलतो. मुलांच्या हाती लागेल, माल बाहेर विकला जाईल, शेजाऱ्यांना वास सोसावा लागेल, हे आक्षेप मात्र खरे आहेत. त्यांचे उत्तर मर्यादेत शोधले गेले: कॅलिफोर्नियात दर घराला सहा झाडे, तीही कुलूपबंद आणि बाहेरून न दिसणारी, कॅनडात २०१८ पासून चार, जर्मनीत २०२४ पासून प्रौढ व्यक्तीमागे तीन. भारतात १९८५ च्या अमली पदार्थविरोधी एनडीपीएस कायद्याने घरातले एक झाडही गुन्हा ठरते. क्वेबेक प्रांताने तर कॅनडातच घरगुती लागवड रोखली, आणि २०२३ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी वैध ठरवली. क्वेबेकमधल्या मॉन्ट्रियलच्या माणसाला कोणता वास मिळणार, हे त्यामुळे कायद्याने तरी सरकारी दुकानाच्या फळीवरच ठरते.