मणक्यांमधील चकतीची झीज

बंगळूरच्या बनशंकरी बसस्थानकावरील एखादा चालक आपल्या कंबरदुखीचा दोष रस्त्यातील खड्ड्यांना देतो, तेव्हा तो अर्धेच सत्य सांगत असतो. मणक्यांमधील चकतीच्या झिजेमागे आनुवंशिकता असते, तशीच पेशींची उपासमारही. चकतीच्या गाभ्यात रक्तवाहिन्या नसतात. प्राणवायू व ग्लुकोज शेजारच्या मणक्यांकडून कूर्चेच्या पातळ थरातून झिरपत येतात. वयोमानाने ही वाट बुजू लागली की पेशी मरतात, पाणी धरून ठेवणारे रेणू घटतात आणि चकती चपटी होते. १९३४ साली बोस्टनच्या मिक्स्टर व बार यांनी वर्णिलेली शस्त्रक्रिया दबलेला मज्जातंतू मोकळा करते. झीज भरून काढीत नाही. मूलपेशी टोचण्याचे प्रयोग चालू आहेत; परंतु जेथे मूळच्या पेशी उपाशी मेल्या, तेथे नव्यांनी कशावर जगावे, हा प्रश्न अद्याप सुटलेला नाही.