सूर्याची वेस ओलांडली, ती कशावरून?

सूर्यापासून विद्युत्‌भारित कणांचा झोत चोहोबाजूंना अखंड वाहत असतो. सेकंदाला सुमारे ४०० किलोमीटर वेगाने धावणारा हा सौरवारा ग्रहांना मागे टाकून दूरवर जातो आणि ताऱ्यांदरम्यान पसरलेल्या विरळ वायूच्या दाबापुढे अखेर थबकतो. सूर्याची सत्ता तेथे संपते. मोरीच्या फरशीवर नळाची धार पडली की पाणी आधी पातळ थराने वेगात पसरते आणि काही अंतरावर मंदावून त्याचे जाड कडे तयार होते. सौरवाऱ्याचेही तसेच होते. आधी तो एकाएकी मंदावतो, ती आघातसीमा. त्यापलीकडे खरी वेस.

१९७७ मध्ये निघालेले ‘व्हॉयेजर-१’ तिकडे पोहोचू लागले, तेव्हा चमत्कारिक अडचण होती. सौरवारा थेट मोजणारे त्याचे उपकरण १९८० मध्येच निकामी झाले होते. वाऱ्याची हद्द शोधायची, पण वारा मोजणारे यंत्रच नाही! उरले होते अधिक ऊर्जेचे कण टिपणारे शोधक आणि चुंबकत्वमापक. २००२ मध्ये कणांची संख्या अचानक वाढली. आघातसीमा ओलांडली, असे स्टॅमॅटिओस क्रिमिगिस यांच्या गटाने म्हटले. फ्रँक मॅकडोनाल्ड यांच्या गटाने ते अमान्य केले. दोन्ही शोधनिबंध नोव्हेंबर २००३ मध्ये ‘नेचर’च्या एकाच अंकात आले. पुढे डिसेंबर २००४ मध्ये, सूर्यापासून सुमारे १,४०० कोटी किलोमीटरवर, चुंबकीय क्षेत्र एकदम वाढले आणि वाद निकालात निघाला.

वेशीबाबतही तेच घडले. २५ ऑगस्ट २०१२ रोजी सूर्याच्या प्रभावक्षेत्रातील कण जवळजवळ नाहीसे झाले आणि बाहेरून येणारे वैश्विक किरण वाढले. पण चुंबकीय क्षेत्राची दिशाही बदलायला हवी होती, ती बदलली नाही. मग यान खरोखर बाहेर पडले काय? उत्तर सूर्यानेच दिले. मार्च २०१२ मधील सौरस्फोटाचा तडाखा तेरा महिन्यांनी यानाजवळ पोहोचला आणि तेथील प्लाझ्मा थरथरू लागला. त्या कंपनांच्या वारंवारितेवरून घनता निघाली: दर घनसेंटिमीटरला सुमारे ०.०८ इलेक्ट्रॉन, म्हणजे वेशीच्या आतल्यापेक्षा जवळपास चाळीसपट. सप्टेंबर २०१३ मध्ये ‘नासा’ने सीमोल्लंघन जाहीर केले.

‘व्हॉयेजर-२’ने ५ नोव्हेंबर २०१८ रोजी वेस ओलांडली. त्याचे वारामापक उपकरण शाबूत असल्याने या वेळी वाद उरला नाही. चुंबकीय दिशा मात्र याही खेपेला बदलली नाही. चूक होती ती अपेक्षेत.

प्लुटोनियमवर चालणाऱ्या या यानांची वीज दरवर्षी सुमारे चार वॅटने घटते. त्यामुळे ‘व्हॉयेजर-२’चे हे उपकरण २०२४ मध्ये, ‘व्हॉयेजर-१’चा वैश्विक किरण शोधक फेब्रुवारी २०२५ मध्ये आणि ‘व्हॉयेजर-२’चा कणशोधक त्याच वर्षी मार्चमध्ये बंद करण्यात आला.