थंड प्रदेशातील अंगण : आधी पाण्याची वाट, मग फुले

सिमला, मनाली किंवा श्रीनगरसारख्या ठिकाणी स्वतःचे छोटेसे घर असावे, दारापर्यंत दगडी पायवाट यावी आणि तिच्या दोन्ही बाजूंना गुलाब फुलावेत, असे कोणाला वाटत नाही? हौसेने अंगण सजवले जाते, महागड्या फरश्या बसवल्या जातात. पण एक-दोन हिवाळे उलटतात न उलटतात तोच फरश्या वरखाली होतात, पायऱ्यांचे कोपरे उडतात आणि कुंपणाच्या भिंतीला फुगवटा येतो. मग कोणी गवंड्याला दोष देतो, कोणी थंडीला. खरा अपराधी मात्र वेगळाच असतो. तो म्हणजे साचलेले पाणी.

पाणी गोठले की त्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते. फटीत शिरलेले पाणी रात्री गोठते, दुपारी वितळते आणि पुन्हा गोठते. हिवाळाभर हे चक्र चालले की दगडही तडकतो. बारीक गाळाची माती खालचे पाणी वर ओढून घेते, त्याचे बर्फाचे थर बनतात आणि वरची फरशी उचलली जाते. म्हणूनच थंड प्रदेशात अंगणाचा आराखडा करताना पहिला प्रश्न ‘फुले कोणती?’ हा नसून ‘पाणी जाणार कुठे?’ हा असावा.

उतार आणि पाया

घरापासून बाहेरच्या बाजूला दर मीटरला निदान २ सेंटीमीटर उतार ठेवावा. छपरावरचा बर्फ जिथे घसरून पडतो, तिथे पायवाट, नाजूक झुडपे किंवा बसण्याची जागा करू नये.

खर्चात काटकसर करायचीच असेल तर ती वरच्या फरशीत करावी, पायात नको. पायवाटेखालची मऊ माती काढून तिथे किमान १५ सेंटीमीटर खडी चांगली ठोकून भरावी. गाडी उभी करायची असेल तर हा थर याच्या दुप्पट लागतो. खडीतून पाणी निचरून जाते, त्यामुळे गोठायला ते उरतच नाही.

दगड सच्छिद्र नसावा. कच्च्या विटांचे पापुद्रे लवकर निघतात. गुळगुळीत फरशी दिसायला सुंदर असली, तरी बर्फ पडल्यावर घरातल्या वृद्धांसाठी ती धोक्याची असते, म्हणून खडबडीत पृष्ठभागाचा दगडच घ्यावा. काँक्रीट घालायचे असल्यास त्यात हवेचे सूक्ष्म बुडबुडे तयार करणारे रसायन मिसळून घ्यावे. बर्फाला पसरायला त्यामुळे जागा मिळते. रात्रीचे तापमान ५ अंशांच्या खाली जाऊ लागले की सिमेंटचे काम थांबवलेले बरे.

भिंतीला श्वास घेऊ द्या

डोंगरउतारावर माती अडवणारी भिंत हा सर्वांत जोखमीचा भाग. हिमाचल प्रदेशात २०२३ च्या पावसाळ्यात झालेल्या भूस्खलनांनी पाण्याने जड झालेल्या उताराची ताकद सर्वांना दाखवून दिली. अशा भिंतीमागे खडीचा थर भरावा आणि भिंतीतून पाणी बाहेर पडण्यासाठी ठरावीक अंतरावर भोके ठेवावीत. मीटरभरापेक्षा उंच भिंत बांधायची असेल तर अभियंत्याचा सल्ला घ्यावाच.

पहाडी लोकांना हे पूर्वीपासून ठाऊक आहे. त्यांच्या शेतांचे बांध सिमेंटशिवाय, दगडावर दगड रचून केलेले असतात. पाणी फटींतून निघून जाते, आणि एखादा दगड सरकला तर तेवढाच पुन्हा बसवता येतो.

झाडांची जागा

देवदाराचे रोप कुंडीत गोजिरवाणे दिसते, पण त्याचा पुढे प्रचंड वृक्ष होतो. ते घरापासून लांबच लावावे. सदाहरित झाडे थंड वारा येतो त्या बाजूला हवीत. दक्षिणेला ती लावली तर हिवाळ्यातले ऊन अडते आणि पायवाटेवरचा बर्फ दिवसेंदिवस तसाच राहतो. दक्षिणेला सफरचंद किंवा जर्दाळू यांसारखी पानगळीची झाडे शोभतात. उन्हाळ्यात सावली मिळते, हिवाळ्यात ऊन आत येते.

ट्यूलिप आणि डॅफोडिलचे कंद ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये लावावेत. फुलण्यासाठी त्यांना थंडी लागतेच. लेहमध्ये मात्र वर्षभरात जेमतेम १०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस-बर्फ पडतो. तिथे पाण्याच्या पाटाकाठी वाढणारे वाळुंज आणि पॉपलर हेच भरवशाचे.

हिवाळ्यापूर्वी

नोव्हेंबर संपण्याआधी बागेतल्या नळांतले आणि रबरी पाइपांतले पाणी काढून टाकावे. गटारांतली पाने उपसावीत. रोपांच्या बुडाशी वाळक्या पानांचा जाड थर द्यावा. बर्फ वितळवण्यासाठी पायवाटेवर मीठ टाकण्याचा मोह टाळावा, कारण मिठाने काँक्रीट खराब होते आणि झाडांची मुळेही करपतात. वाळू पसरली तरी पाय घसरत नाही.

आराखडा कागदावर काढण्यापूर्वी एक पावसाळा आणि एक हिवाळा जागा नुसती पाहावी. पाणी कुठे साचते, बर्फ कुठे सर्वांत शेवटी वितळतो, ऊन कुठे येते, याची टिपणे ठेवावीत. वर्षभराचा हा धीर पुढच्या अनेक वर्षांची दुरुस्ती वाचवतो.